डायल टोन ऐकू न येणारा मॉडेम

आमच्या घरी 2003 साली लॅपटॉप आला, तेव्हाच तो जुना होता. मुंबईच्या एका नातेवाइकाच्या ऑफिसने तो मोडीत काढला होता. विंडोज 98, बॅटरी मेलेली, सतत वायर लावून ठेवावा लागायचा. मी तेव्हा बीएड करत होते. आत मॉडेम नव्हता म्हणून शालिमारजवळच्या एका दुकानातून वापरलेला बाहेरचा मॉडेम आणला आणि नऊ पिनांच्या सिरियल पोर्टला जोडला. लाल दिवे लागले. फोनची वायर खोचली, नंबर फिरवायला सांगितला आणि उत्तर आलं, डायल टोन नाही.

रिसीव्हर उचलला तर टोन स्वच्छ वाजतोय. दुकानदार म्हणाला, "मॅडम, मॉडेम गेलाय, नवा घ्या." नवा घ्यायला पैसे कुणाकडे होते?

कारण कळायला आठ दिवस गेले. अमेरिकेतला डायल टोन म्हणजे 350 आणि 440 हर्ट्झचे दोन सूर एकत्र. आपल्याकडचा 400 हर्ट्झचा, आणि तोही 25 हर्ट्झने थरथरणारा. परदेशी सवयीच्या मॉडेमला आपला टोन टोन वाटतच नाही, तो बिचारा वाट पाहत बसतो. उपाय दोन अक्षरांचा होता. मॉडेमच्या जादा सेटिंगच्या चौकटीत एक्स 3 लिहायचं. म्हणजे, टोनची वाट पाहू नकोस, सरळ नंबर फिरव. अमेरिकेतल्या हेज कंपनीने 1981 च्या स्मार्टमॉडेमसोबत या आज्ञांची पद्धत आणली. एटीझेड लिहिलं की मॉडेम जुनं सगळं विसरून ओके म्हणतो, एटीडीटीपुढे नंबर दिला की तो फिरवतो. मला ही भाषा फार आवडली. वर्गातली मुलं इतकी आज्ञाधारक कधी नसतात!

त्यानंतरचा तो आवाज, आधी शिट्टी, मग खरखर, मग शांतता, माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेलच. दोन मॉडेम एकमेकांना आपली ताकद सांगत आणि लाइन कितपत साथ देते ते तपासत. डब्यावर 56 के छापलेलं असलं तरी जुन्या नाशकातल्या आमच्या वायरीवर 33.6 मिळालं तरी खूप. म्हणजे सेकंदाला जेमतेम 4 केबी.

माझ्या आधीच्या लोकांनी याहून कठीण दिवस काढले. विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 ला सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं ते मोठ्या महानगरांत. नाशिककराला तेव्हा मुंबईला एसटीडी लावूनच तिथे पोचता आलं असतं. विद्यार्थ्यांसाठी 500 रुपयांत 500 तासांचं शेल खातं होतं, त्यात फक्त अक्षरं दिसत, आणि तीही रोमन. चित्रं दाखवणाऱ्या खात्याला कितीतरी पट पैसे पडत. 1998 च्या धोरणाने खासगी कंपन्यांना वाट मिळाली आणि मग दर उतरले.

पण माझा प्रश्न दराचा नव्हता, लिपीचा होता. मी दोन भाषा शिकवणार होते आणि त्या तारेवरून दोन्ही नीट येत नव्हत्या. मराठी वर्तमानपत्रांचे फाँट वेगवेगळे. योग्य तो फाँट नसेल तर बातमीच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा. उर्दूची तऱ्हा त्याहून वेगळी. मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकमुळे 1981 पासून उर्दू संगणकावर जुळू लागली होती, दिल्लीत तयार झालेलं इनपेज 1994 पासून होतं. पण इनपेजची फाइल ज्याच्याकडे इनपेज त्यालाच उघडते. म्हणून उर्दू पानं चित्र बनवून टाकत. 120 केबीचं एक पान अर्ध्या मिनिटात वरून खाली उतरायचं, एकेक ओळ, जणू कातिब समोर बसून लिहितोय. वाचायला छान, पण त्यातला एक शब्दही शोधता किंवा उचलता येत नसे.

मग कळलं की बीबीसी उर्दू युनिकोडमध्ये आहे, खरी अक्षरं. त्यासाठी मला नवा ब्राउझर, त्याचा अरबी लिपीचा जोड आणि एक फाँट हवा होता. एवढं उतरवायला दोन तास लागणार होते. एका रविवारी दुपारी अम्मी झोपली असताना मी बसले. मध्ये लाइन तुटली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. चारच्या सुमारास पहिल्यांदा पडद्यावर उर्दू आली, माउसने निवडता येणारी. मी एकटीच हसत होते.

फोन मोकळा केला आणि दोन मिनिटांत वाजला. मालेगावहून. मामू सकाळी अकराला गेले होते. पीसीओवरून दुपारभर प्रयत्न चालला होता, आमचा नंबर एंगेज. मोबाइल आमच्याकडे नव्हता. मगरिबच्या आधी दफन ठरलं होतं. अब्बांनी धावपळ करून गाडी मिळवली, पण मालेगाव शंभरेक किलोमीटर. अम्मी पोचली तेव्हा अंधार पडला होता, सगळं उरकलं होतं. भावाचा चेहरा तिला पाहायला मिळाला नाही.

ती मला काही बोलली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. फक्त त्यानंतर अनेक वर्षं, मी लॅपटॉप उघडला की दारातून विचारायची, "लाइन खुली है ना?" मी रात्री अकरानंतरच जोडू लागले.

आता लँडलाइन नाही. परवा नववीच्या मुलांना दाखवायला तो लॅपटॉप शाळेत नेला. हायपरटर्मिनल उघडून एटीझेड लिहिलं, मॉडेमने ओके म्हटलं. मुलांनी विचारलं, आता पुढे काय? वायर हातात होती, पण ती खोचायला वर्गाच्या भिंतीत कुठे जागाच नव्हती.