कूतच्या वेढ्यातील मार्गशीर्ष

यवत हे गाव वारकऱ्यांना पिठले-भाकरीसाठी ठाऊक आहे. तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून निघून येथे मुक्कामाला येते, त्या दिवशी सारे गाव चुलीपाशी बसलेले असते. गावाच्या दक्षिणेस भुलेश्वराचा डोंगर आणि डोंगरापलीकडे जेजुरी. या मुलखातला माणूस वर्ष मोजतो ते पालखी, दसरा, दिवाळी, चंपाषष्ठी अशा खुणांनी. पलटणीत भरती झाल्यावर मात्र त्याच्या वाट्याला आणखी एक पंचांग येई. ते इंग्रजी फौजेचे होते, आणि त्यातला मोठा सण नाताळ.

पहिल्या महायुद्धातील नाताळावर इंग्रजीत विपुल लेखन झाले आहे. घरापासून दूर असलेल्या गोऱ्या सैनिकाची त्या रात्रीची व्याकुळता हा तर त्या वाङ्मयाचा एक रूढ विषयच होऊन बसला. परंतु त्याच खंदकात मराठी शिपाईही होता, आणि त्याला ज्या सणाची आठवण येत असेल तो त्या रात्रीचा नव्हता, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही.

१९१४ च्या नाताळात राजकन्या मेरीच्या नावे सैनिकांना पितळी डब्या वाटण्यात आल्या. गोऱ्या शिपायाच्या भेटीत तंबाखू, सिगारेटी, चित्र असे जिन्नस होते. हिंदी शिपायांसाठी निराळी यादी केली होती: शिखांना खडीसाखर आणि मसाल्याची डबी, गुरखे सोडून इतरांना त्याखेरीज सिगारेटी, भिश्त्याला फक्त मसाला. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या तेव्हा फ्रान्समध्ये होत्या. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यव्ह शापेल येथे त्यांची जबर हानी झाली होती. यवतहून खडकी पन्नासेक किलोमीटर. तेथून निघालेल्या माणसाच्या हातात फ्लांडर्सच्या चिखलात मसाल्याची डबी पडते, तेव्हा देणाऱ्याने त्याची जात, धर्म आणि जीभ या तिन्हींचा विचार केलेला असतो. या काळजीत आम्हाला आपुलकीपेक्षा वर्गवारीची शिस्त अधिक दिसते. अर्थात खडीसाखर खाणाऱ्याला ती गोड लागली नसेल असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

पुढच्या वर्षीचा नाताळ अधिक कठीण होता. मेसोपोटेमियात टेसिफोनच्या लढाईनंतर जनरल टाउनशेंडची फौज मागे हटून टायग्रिसच्या वळणावरील कूत-अल-अमारा या गावात शिरली. तीत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. वेढा धरला जातो ७ डिसेंबर १९१५ पासून. पंचांग मागे मोजत नेले तर तो दिवस मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेचा येतो. म्हणजे जेजुरीला खंडोबाचे षड्रात्र बसले त्याच दिवशी कूतच्या वाटा बंद झाल्या. चंपाषष्ठीला, १२ डिसेंबरच्या सुमारास, घरोघर वांग्याचे भरीत आणि बाजरीचे रोडगे झाले असतील. कूतमध्ये पुढे ताज्या भाजीअभावी हिंदी शिपायांना स्कर्व्हीने ग्रासले. ते नदीकाठचा रानपाला खुडून खात. घोड्याचे मांस त्यांना दिले जाई, पण धर्मबुद्धीने बहुतेकांनी ते नाकारले. त्यासाठी हिंदुस्थानातून धर्मगुरूंची अनुमती बिनतारी संदेशाने मागवावी लागली, आणि एप्रिलमध्ये उपासमार टोकाला गेल्यावर बरेच जण खाऊ लागले.

२४ डिसेंबरला तुर्कांनी ईशान्येकडील मातीच्या किल्ल्यावर तोफा डागल्या. भिंतीला खिंडार पडले. आत ऑक्सफर्डशायरची गोरी पलटण, ११९ वी पलटण आणि १०३ वी मराठा होती. दुपारचा हल्ला परतवला गेला. रात्री पुन्हा हल्ला झाला आणि हातबॉम्ब व संगिनींची झुंज उत्तररात्रीपर्यंत चालली. वेढ्यातल्या फौजेचे तीनशेहून अधिक लोक मारले गेले वा जखमी झाले. इंग्रजी नोंदींत ही नाताळची पूर्वसंध्या आहे. मराठ्यांच्या पंचांगात संकष्टी चतुर्थी याच रात्रीच्या आगेमागे येते. किल्ल्यात कोणाचा उपवास होता की नाही, हे विचारण्याचे कोणत्याही दप्तराला कारण नव्हते.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला खरा बोचणारा प्रश्न येथे येतो. फ्रान्समधील हिंदी शिपायांची पत्रे हॉवेलच्या हाताखालील सेन्सॉर कचेरी वाचत असे. त्यांतील निवडक उतारे इंग्रजीत भाषांतरित होऊन लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत राहिले आहेत. मराठी पत्रेही त्यांत आहेत, पण मराठीत नाहीत. शिपायाने आईला ‘मातोश्रीस साष्टांग’ लिहिले होते की नुसते ‘आईस’, हे त्या भाषांतरातून कळत नाही. कूतमधून तर पत्रांची वाटच बंद होती. त्या वेढ्याच्या आणि पुढच्या कैदेच्या ज्या हिंदी आठवणींकडे आज अभ्यासक वळतात, त्या बंगालीत आहेत: मोक्षदादेवींनी नातू डॉ. कल्याण मुखर्जी यांच्या पत्रांवरून १९२८ मध्ये सिद्ध केलेले ‘कल्याण-प्रदीप’ आणि शिशिर सर्वाधिकारी यांचे १९५७ चे ‘अभि ले बगदाद’. एक डॉक्टर, दुसरा रुग्णसेवा पथकातला शिकलेला तरुण. लेखणी ज्याच्या हाती होती त्याची आठवण उरली. बंदूक धरणाऱ्या तीन मराठा पलटणींचे नाव लढाईच्या अहवालात क्रमांकाने येते.

२९ एप्रिल १९१६ रोजी कूत पडले. हिंदी कैद्यांपैकी अनेकांना बगदाद रेल्वेच्या कामासाठी रास-अल-ऐनला नेण्यात आले. डॉ. मुखर्जी १९१७ मध्ये तेथेच वारले. १९१६ ची चंपाषष्ठी नोव्हेंबरच्या अखेरीस आली, नाताळच्या कितीतरी आधी. यवतच्या बाजूला तेव्हा ज्वारी निसवत असेल.