महिंद्रा थार : इंजिने आणि वापरलेल्या वाहनाची निवड

महिंद्रा थार ही महिंद्रा अँड महिंद्रा या भारतीय कंपनीची, मुख्यतः खडतर वाटांवरील वापरासाठी बनवलेली मोटारगाडी आहे. तिची पहिली पिढी ऑक्टोबर २०१० मध्ये, तर दुसरी पिढी २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आली. २०१० ते २०२३ या काळात थारमध्ये प्रामुख्याने पाच प्रकारची इंजिने बसवली गेली. त्यांपैकी चार डिझेलवर आणि एक पेट्रोलवर चालते. वापरलेली थार विकत घेताना इंजिनाच्या निवडीला विशेष महत्त्व असते. या गाडीत इंजिनाबरोबरच पुढचा आस, सस्पेन्शन, गिअरबॉक्स आणि धूर शुद्ध करणारी यंत्रणा बदलते. काही प्रकारांत तर फोर-व्हील ड्राइव्हची सोयही इंजिनावरच ठरते. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेली पाच दारांची थार रॉक्स ही वेगळी गाडी असल्याने तिचा विचार या लेखात केलेला नाही.

पार्श्वभूमी

स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रा कंपनीने अमेरिकन विलिस जीपची भारतात जुळणी सुरू केली. पुढील काही दशके लष्कर, वनखाते, शेती आणि ग्रामीण वाहतूक या क्षेत्रांत या जीपच्या निरनिराळ्या आवृत्त्या वापरल्या गेल्या. थार ही त्याच परंपरेतील गाडी असून तिचे उत्पादन नाशिक येथील कारखान्यात होते. मूळ विलिस जीपचे इंजिन पेट्रोलवर चालणारे होते. भारतात मात्र इंधनाच्या दरातील फरकामुळे आणि ओझे ओढण्याच्या गरजेमुळे जीपसाठी डिझेल इंजिने रूढ झाली. थारच्या पहिल्या पिढीत पेट्रोल इंजिन नव्हते. दुसऱ्या पिढीत ते प्रथमच देण्यात आले.

पहिल्या पिढीतील इंजिने (२०१०–२०१९)

डीआय : २,५२३ सीसीचे हे चार सिलिंडरचे टर्बो डिझेल इंजिन सुमारे ६३ अश्वशक्ती निर्माण करते. सुरुवातीच्या गाड्यांत त्याची इंधनव्यवस्था यांत्रिक पंपावर चालणारी होती. इलेक्ट्रॉनिक भाग कमी असल्याने ग्रामीण भागातील साध्या गॅरेजमध्येही ते दुरुस्त करता येते. डीआय गाडी टू-व्हील ड्राइव्ह आणि फोर-व्हील ड्राइव्ह अशा दोन्ही रूपांत विकली गेली. तिला पुढे आणि मागे पाटे असतात. त्यामुळे ती ओझ्याला दणकट ठरते, पण रस्त्यावर जास्त हादरते. महामार्गावरील वेगासाठी या इंजिनाची शक्ती अपुरी पडते.

सीआरडीई : २,४९८ सीसीचे हे कॉमन रेल डिझेल इंजिन १०५ अश्वशक्ती आणि २४७ न्यूटन-मीटर टॉर्क देते. कमाल टॉर्क १,८०० ते २,००० फेऱ्यांच्या अरुंद पट्ट्यात मिळतो. या गाडीत फोर-व्हील ड्राइव्ह आणि लो रेंज असते. पुढील चाकांना टॉर्शन बारचे स्वतंत्र सस्पेन्शन, तर मागे पाटे असतात. जुलै २०१५ मधील सुधारित आवृत्तीत मागील आसाला यांत्रिक लॉकिंग डिफरन्शियल मिळाले. एक चाक हवेत लटकत असताना किंवा चिखलात घसरत असताना या यंत्रणेमुळे दुसऱ्या चाकाला ताकद मिळते. म्हणून ऑफ-रोड वापरासाठी २०१५ नंतरची सीआरडीई गाडी आधीच्या गाडीपेक्षा अधिक उपयुक्त मानली जाते, मग इंजिन तेच का असेना.

जून २०१९ मध्ये ‘थार ७००’ या नावाने ७०० गाड्यांची अखेरची तुकडी जाहीर झाली आणि पहिली पिढी संपली.

दुसऱ्या पिढीतील इंजिने (२०२० पासून)

एमस्टॅलियन पेट्रोल : १,९९७ सीसीचे हे टर्बो इंजिन १५० अश्वशक्ती देते. हाताने बदलायच्या गिअरबॉक्ससह त्याचा टॉर्क ३०० न्यूटन-मीटर, तर ऑटोमॅटिकसह ३२० न्यूटन-मीटर असतो.

एमहॉक डिझेल : २,१८४ सीसीचे हे इंजिन १३० अश्वशक्ती आणि ३०० न्यूटन-मीटर टॉर्क देते. एमहॉक मालिकेतील इंजिने कंपनीच्या इतर गाड्यांतही वापरली जात असल्याने त्यांची माहिती असणारे मेकॅनिक सहज मिळतात.

दीड लिटर डिझेल : जानेवारी २०२३ मध्ये आलेले हे १,४९७ सीसीचे इंजिन सुमारे ११७ अश्वशक्ती आणि ३०० न्यूटन-मीटर टॉर्क देते. चार मीटरपेक्षा कमी लांबी आणि १,५०० सीसीपेक्षा कमी क्षमता असलेल्या डिझेल मोटारींना कराची सवलत होती. हे इंजिन त्या मर्यादेत बसते. थारची लांबी ३,९८५ मिलिमीटर आहे.

आरंभी दुसऱ्या पिढीतील सर्व गाड्या फोर-व्हील ड्राइव्ह होत्या. जानेवारी २०२३ पासून केवळ मागील चाकांवर चालणारी रूपे आली. दीड लिटर डिझेल इंजिन फक्त अशाच गाड्यांना आणि हाताच्या गिअरबॉक्ससहच मिळते. पेट्रोल इंजिनाची मागील चाकांवर चालणारी गाडी त्या वेळी ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह आली. बाहेरून ही रूपे फोर-व्हील ड्राइव्ह गाडीसारखीच दिसतात. त्यामुळे वापरलेली गाडी पाहताना गिअरच्या दांड्याशेजारी ट्रान्सफर केसचा दुसरा दांडा आहे की नाही, हे पाहणे आवश्यक ठरते. दीड लिटर इंजिनाची गाडी शहरासाठी आणि कच्च्या रस्त्यांसाठी पुरेशी असते, पण खोल चिखल, वाळू किंवा खडकाळ चढण यांसाठी ती योग्य नाही.

शक्ती, टॉर्क आणि वाटेचा प्रकार

खडतर वाटेवर कमाल अश्वशक्तीपेक्षा कमी फेऱ्यांवर मिळणारा टॉर्क महत्त्वाचा असतो. चढणीवर गाडी सावकाश, न थांबता आणि चाके न घसरू देता पुढे जावी लागते. डिझेल इंजिन अधिक ओढते असा समज रूढ आहे. मात्र हाताच्या गिअरबॉक्ससह दुसऱ्या पिढीतील पेट्रोल आणि डिझेल या दोन्ही इंजिनांचा कमाल टॉर्क समान, म्हणजे ३०० न्यूटन-मीटर आहे. पेट्रोल इंजिनात तो सुमारे १,२५० फेऱ्यांपासून, तर एमहॉकमध्ये सुमारे १,६०० फेऱ्यांपासून मिळतो. फरक मुख्यतः इंधनाच्या वापरात दिसतो. लो रेंजमध्ये तासन्‌तास चालताना पेट्रोल इंजिन बरेच जास्त इंधन पिते. दुर्गम भागात पंप दूर असल्यास ही बाब खर्चापुरती राहत नाही, सुरक्षिततेशीही जोडली जाते.

तीव्र उतारावर गाडीचा वेग रोखण्याचे काम मुख्यतः लो रेंजमधील गिअर करतात. हाताच्या गिअरबॉक्समध्ये हा रोध थेट जाणवतो. ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टरमुळे तो काहीसा कमी होतो. उलट, खडकाळ चढणीवर ऑटोमॅटिक गाडी सावरणे सोपे जाते आणि क्लच जळण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

सह्याद्रीतील पावसाळी वाटांवर ओढे ओलांडणे हा नित्याचा भाग असतो. दुसऱ्या पिढीच्या थारची पाण्यातून जाण्याची जाहीर मर्यादा ६५० मिलिमीटर आहे. हवा घेण्याच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये शिरल्यास ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पेट्रोल आणि डिझेल या दोन्ही इंजिनांना हा धोका सारखाच आहे. डिझेल इंजिनात दाबाचे प्रमाण जास्त असल्याने हानी अधिक गंभीर होऊ शकते.

लडाखसारख्या उंच प्रदेशात हवा विरळ असते. तेथे टर्बोमुळे शक्तीतील घट काही प्रमाणात भरून निघते. हिवाळ्यात मात्र सामान्य डिझेल थंडीने घट्ट होते. यासाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखकरिता उणे ३३ अंश सेल्सिअसपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले. थंड प्रदेशात नियमित जाणाऱ्यांसाठी पेट्रोल इंजिन या दृष्टीने सोयीचे ठरते.

प्रदूषणविषयक निकष

भारतात बीएस-४ निकष १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ निकष १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले. त्यामुळे दुसऱ्या पिढीतील सर्व थार बीएस-६ निकषांच्या आहेत. बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळण्यासाठी सायलेन्सरकडे जाणारा धूर पुरेसा तापावा लागतो. दररोज दोन-चार किलोमीटर फिरणाऱ्या किंवा केवळ संथ ऑफ-रोड वाटांवर वापरलेल्या गाडीत हा फिल्टर वारंवार तुंबू शकतो. म्हणून कमी किलोमीटर चाललेली डिझेल गाडी नेहमीच चांगली असते, असे नाही. महामार्गावर नियमित धावलेली, अधिक किलोमीटरची गाडी तिच्यापेक्षा निरोगी असू शकते. फिल्टर काढून टाकलेली गाडी नोंदणीच्या वेळच्या निकषांत बसत नाही.

पेट्रोल गाडीच्या बाबतीत इथेनॉलचा मुद्दा येतो. १ एप्रिल २०२३ पासून नव्या पेट्रोल गाड्यांतील इंधनव्यवस्थेचे भाग २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या इंधनाला टिकणारे असणे अपेक्षित आहे. त्याआधी बनलेल्या गाडीसाठी निर्मात्याच्या पुस्तिकेतील सूचना पाहावी.

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांहून जुन्या डिझेल आणि पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये निर्बंध घातले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते कायम केले. या निर्बंधांच्या अंमलबजावणीत पुढे बदल होत गेले. तरीही त्या भागात जुन्या डिझेल गाडीची पुनर्विक्री किंमत ठरवताना हा घटक निर्णायक असतो. इतरत्र खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतर पर्यावरण करही भरावा लागतो. २०१० मधील पहिल्या थार गाड्यांनी ही मर्यादा गाठली आहे.

इंजिनाची तपासणी

इंजिन थंड असताना सुरू करून पाहणे ही पहिली पायरी मानली जाते. आधीच तापवून ठेवलेल्या इंजिनात सुरू होण्यातील दोष लपतात. धुराच्या रंगावरून पुढील अनुमाने काढता येतात :

– निळसर धूर : इंजिन ऑइल जळत आहे, पिस्टन रिंग, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बो झिजलेला असू शकतो.
– दाट पांढरा धूर, जो इंजिन तापल्यावरही थांबत नाही : सिलिंडरमध्ये कूलंट जात आहे किंवा डिझेल नीट जळत नाही.
– काळा धूर : इंधन जास्त किंवा हवा कमी, इंजेक्टर, टर्बो किंवा एअर फिल्टर तपासावा.

इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण उघडल्यास जोराने वाफ बाहेर येणे हे सिलिंडरच्या झिजेचे लक्षण असते. ऑइल दुधासारखे दिसल्यास त्यात पाणी किंवा कूलंट मिसळल्याचा संशय येतो. एअर फिल्टरच्या डब्यात चिखलाची रेघ आढळल्यास गाडी मर्यादेपेक्षा खोल पाण्यात गेली असण्याची शक्यता असते. सीआरडीई व त्यानंतरच्या सर्व इंजिनांत निदान यंत्र जोडून नोंदलेले दोष वाचावेत. कॉमन रेल इंजेक्टर आणि पंप यांची दुरुस्ती खर्चिक असते.

ट्रान्सफर केसची चाचणी माती, वाळू किंवा गवतावर घ्यावी. थारची फोर-व्हील ड्राइव्ह यंत्रणा अर्धवेळ प्रकारची आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती जोडून वळण घेतल्यास पुढील व मागील आसांत ताण साठतो आणि भागांची हानी होते.

निर्मात्याने परत बोलावलेल्या गाड्यांची माहितीही पाहावी लागते. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात बनलेल्या १,५७७ डिझेल थार गाड्या कॅमशाफ्टमधील संभाव्य दोषामुळे फेब्रुवारी २०२१ मध्ये तपासणीसाठी परत बोलावण्यात आल्या. अशा गाडीचे काम पूर्ण झाले की नाही, हे चेसिस क्रमांक देऊन अधिकृत सेवा केंद्रात विचारता येते.

कागदपत्रे आणि बदललेले इंजिन

जुन्या जीपमध्ये दुसरे इंजिन बसवण्याची प्रथा भारतात दीर्घकाळ आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार वाहनात असे बदल करण्यावर मर्यादा आहेत आणि इंजिन बदलण्यासाठी नोंदणी प्राधिकाऱ्याची परवानगी लागते. म्हणून इंजिनावर कोरलेला क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रातील क्रमांकाशी प्रत्यक्ष जुळवून पाहावा. क्रमांक जुळत नसल्यास किंवा खोडलेला असल्यास नावावर करून घेणे अडते. विमा कंपनी दावा नाकारू शकते. वाहन चोरीचे असल्यास ते जप्तही होऊ शकते. मालकी बदलासाठी नमुना २९ व ३० आणि कर्ज फिटल्याची नोंद करण्यासाठी नमुना ३५ लागतो.

वापरानुसार निवड

साधी रचना, कमी खर्च आणि गावाजवळचा वापर यांसाठी फोर-व्हील ड्राइव्हची डीआय गाडी उपयोगी पडते. हौशी ऑफ-रोड वापरासाठी मर्यादित खर्चात २०१५ नंतरची सीआरडीई गाडी समाधानकारक ठरते. मात्र पहिल्या पिढीत एअरबॅग नव्हत्या. दुसऱ्या पिढीला ग्लोबल एनसीएपीच्या चाचणीत नोव्हेंबर २०२० मध्ये चार तारे मिळाले. कुटुंबासह लांबचा प्रवास करणाऱ्यांसाठी हा फरक इंजिनाच्या निवडीहून मोठा असतो. दूरच्या आणि वारंवार प्रवासासाठी एमहॉक डिझेल, तर मुख्यतः शहरात वापरून अधूनमधून डोंगरवाटांवर जाण्यासाठी पेट्रोल इंजिन सोयीचे ठरते. कारण थोड्या अंतराच्या फेऱ्यांत डिझेलचा डीपीएफ त्रास देतो आणि पेट्रोलचा जादा खर्चही कमी किलोमीटरमुळे आटोक्यात राहतो. कोणतेही इंजिन निवडले, तरी नीट नोंदी असलेली आणि क्रमांक जुळणारी गाडी ही अधिक शक्तीच्या पण इतिहास अज्ञात असलेल्या गाडीपेक्षा सुरक्षित निवड असते.