११७व्या मिनिटाच्या आधीची वीस वर्षं

३ फेब्रुवारी २०२२ची संध्याकाळ. पुण्यात बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात महिला आशियाई चषकाचा उपांत्य सामना चालू होता, जपान विरुद्ध चीन. मी तिथून फार लांब नव्हतो, पण सामना मोबाइलवर बघत होतो आणि शेजारी लॅपटॉपवर ऑफिसचं काम उघडं होतं. जादा वेळेत, ११९व्या मिनिटापर्यंत जपान २-१ असा पुढे. तेवढ्यात चीनच्या वांग शानशाननं बरोबरी साधली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये जपान स्पर्धेबाहेर गेला. जपानची कर्णधार साकी कुमागाई कोण, म्हणून मी नाव शोधलं. २०११च्या विश्वचषक अंतिम सामन्यात शेवटची, जिंकून देणारी पेनल्टी हिनंच मारली होती, वयाच्या विसाव्या वर्षी. मग तो सामना पाहिला. त्यात १० नंबरची जर्सी घातलेली, केस मागे घट्ट बांधलेली एक मिडफिल्डर दिसली. त्या रात्री कामाचं जे व्हायचं ते झालं.

ती होमारे सावा. तिच्याबद्दल इंटरनेटवर जे सापडतं त्यातलं बरंचसं एकाच साच्यातलं आहे: त्सुनामीनं उद्ध्वस्त झालेला देश, हिंमत न हरलेल्या मुली, शेवटच्या क्षणी चमत्कार. ही गोष्ट खोटी नाही, पण मला ती अर्धवट वाटते. चमत्कार म्हटलं की आधीचा हिशोब मांडायची गरज उरत नाही. सावाच्या बाबतीत तो हिशोब वीस वर्षांचा आहे.

जन्म ६ सप्टेंबर १९७८, टोकियोतल्या फुचू शहरात. मोठ्या भावाच्या मागे मागे मैदानात गेली आणि तिथलीच झाली. जपानमध्ये महिलांची राष्ट्रीय लीग १९८९मध्ये सुरू झाली होती. तिच्यात योमिउरी क्लबच्या बेलेझा या महिला संघाकडून सावा १९९१मध्ये खेळली तेव्हा ती बारा वर्षांची होती. पंधराव्या वर्षी, डिसेंबर १९९३मध्ये, राष्ट्रीय संघात आली आणि फिलिपिन्सविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात तिनं चार गोल केले.

त्या वेळी लीगमध्ये पैसा होता. कंपन्यांनी हौसेनं संघ काढले होते. नॉर्वेच्या हेगे रीसेसारखी जगातली अव्वल मिडफिल्डर निक्को सिक्युरिटीज या शेअर दलाली कंपनीच्या संघाकडून खेळायला जपानमध्ये आली होती. पण संघ कंपनीचा असला की त्याची तब्येत कंपनीच्या ताळेबंदावर ठरते. अर्थव्यवस्थेचा फुगा फुटल्यावर मंदी लांबत गेली आणि १९९८ संपता संपता निक्को, फुजिता अशा बड्या कंपन्यांनी अंग काढून घेतलं. मैदानावरही काही बरं चाललं नव्हतं. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये जपान तिन्ही सामने हरला. १९९९च्या विश्वचषकात एक बरोबरी आणि दोन दणदणीत पराभव, त्यापायी सिडनी ऑलिंपिकचं तिकीटही गेलं. ऑलिंपिकमध्ये संघ नाही म्हणजे बातमी नाही, आणि बातमी नाही म्हणजे प्रायोजक नाही. अनेकींची कारकीर्द तिथेच थांबली.

सावा वीस वर्षांची होती. तिनं विद्यापीठ अर्धवट सोडलं आणि १९९९मध्ये अमेरिका गाठली, आधी कोलोरॅडोत डेन्व्हर डायमंड्स, मग २००१पासून महिलांच्या पहिल्या व्यावसायिक लीगमध्ये अटलांटा बीट. तीन मोसम झाले आणि सप्टेंबर २००३मध्ये, विश्वचषक सुरू व्हायला आठवडाही उरला नसताना, ती लीगच पैशाअभावी बंद पडली. सावा बेलेझाकडे परतली. २००९मध्ये अमेरिकेत नवी लीग उभी राहिली, वॉशिंग्टन फ्रीडमनं तिला घेतलं. दोन मोसमांनी तो क्लब विकला गेला आणि फ्लोरिडाला हलला. सावा पुन्हा जपानमध्ये, या वेळी कोबे शहरातल्या आयएनएसी कोबे लिओनेसा या क्लबकडे. माझ्या पिढीला कंपनी बुडणं, प्रोजेक्ट बंद होणं नवं नाही. पण एकाच धंद्यात पायाखालची सतरंजी इतक्या वेळा ओढली गेल्यावरही तोच धंदा करत राहणं मला जमलं नसतं.

मधल्या एका सामन्यावर मला थांबायचं आहे, कारण जपानबाहेर त्याची फारशी आठवण कुणी काढत नाही. २४ एप्रिल २००४, टोकियोचं राष्ट्रीय स्टेडियम, अथेन्स ऑलिंपिकची पात्रता फेरी, समोर उत्तर कोरिया. त्या काळात उत्तर कोरिया आशियातला दादा संघ होता. हरलं तर सिडनीसारखंच अथेन्सही हुकणार, आणि सलग दुसरं ऑलिंपिक हुकल्यावर महिला फुटबॉलला कोण विचारणार होतं? सावाच्या उजव्या गुडघ्याला दुखापत होती. वेदनाशामक घेऊन ती उतरली. ३१ हजारांवर प्रेक्षक आले आणि जपान ३-० जिंकला. त्याच उन्हाळ्यात संघाला ‘नादेशिको जपान’ हे नाव मिळालं. नादेशिको हे गुलाबी रानफूल, आणि ‘यामातो नादेशिको’ म्हणजे जपानी परंपरेतली आदर्श, शालीन स्त्री. टॅकल करणाऱ्या, चिखलात लोळणाऱ्या पोरींना हे नाव देण्यात गंमत आहे खरी. माझ्या मते २०११चा पाया या संध्याकाळी घातला गेला.

पुढे नोरिओ सासाकी प्रशिक्षक झाले आणि २००८मध्ये त्यांनी एक धाडसी बदल केला. सावा तोवर आक्रमक मिडफिल्डर होती, गोल करणारी. सासाकींनी तिला मागे, बचावफळीच्या पुढ्यात आणलं. ही जागा प्रतिस्पर्ध्याचा पास आधीच ओळखून मध्येच हिसकावणाऱ्या खेळाडूची. वय वाढलेल्या खेळाडूला मागे सरकवतात तेव्हा ती सहसा निवृत्तीची पहिली पायरी असते. सावाचं उलट झालं. खेळ पूर्ण समोर दिसू लागला आणि केव्हा पुढे धाव घ्यायची हे ती स्वतः ठरवू लागली. त्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपान चौथा आला. दमछाक झाली की माझ्या पाठीकडे बघा, असं तिनं तिथे सहकाऱ्यांना सांगितल्याची आठवण जपानमध्ये आजही निघते.

११ मार्च २०११ला भूकंप आणि त्सुनामी आली. १५ हजारांहून अधिक माणसं गेली आणि फुकुशिमाची अणुभट्टी वितळली. ही भट्टी टोकियो इलेक्ट्रिक अर्थात टेपको कंपनीची, आणि टेपकोचा महिला फुटबॉल संघही होता, टेपको मारीझे. त्याचं घर भट्टीपासून सुमारे वीस किलोमीटरवर, जे-व्हिलेज या सराव केंद्रात. आपत्तीनंतर ती मैदानं भट्टीवर काम करणाऱ्यांचा तळ बनली आणि संघाचा खेळ थांबला. राष्ट्रीय संघातली बचावपटू अया सामेशिमा मारीझेची खेळाडू होती आणि त्याच अणुप्रकल्पात नोकरी करत होती. संघातल्या अनेकींचं आयुष्य असंच होतं: दिवसा नोकरी, मग सराव.

तीन महिन्यांनी जर्मनीत विश्वचषक सुरू झाला. गटात सावानं मेक्सिकोविरुद्ध हॅटट्रिक केली, बचावाच्या जागेवरून. उपांत्यपूर्व फेरीत यजमान जर्मनी, आधीच्या सलग दोन विश्वचषकांचे विजेते. सामन्याआधी सासाकींनी खेळाडूंना आपत्तीची दृश्यं दाखवली. १०८व्या मिनिटाला सावाच्या पासवर कारिना मारुयामानं सामन्यातला एकमेव गोल केला. मारुयामाही पूर्वी मारीझेकडून खेळलेली. उपांत्य सामन्यात स्वीडनला ३-१ हरवलं, त्यातला एक गोल सावाचा.

१७ जुलै, फ्रँकफर्ट, समोर अमेरिका. दोन्ही संघ तोवर २५ वेळा भिडले होते. जपान २२ सामने हरलेला, ३ बरोबरीत, विजय शून्य. अमेरिकेनं दोनदा आघाडी घेतली. पहिली अया मियामानं ८१व्या मिनिटाला पुसली. जादा वेळेत अ‍ॅबी वॉम्बाकनं हेडर मारून पुन्हा २-१ केलं. मग ११७व्या मिनिटाला डावीकडून मियामाचा कॉर्नर.

हा गोल मी किती वेळा पाहिला असेल, मोजदाद नाही. सावा जवळच्या खांबाकडे धावते, चेंडूच्याही पुढे निघून गेल्यासारखी. गोलकडे तिची जवळजवळ पाठ आहे. उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेनं ती चेंडूला नुसता धक्का देते आणि तो मागे, जाळ्यात. जवळच्या खांबावर येणार हे दोघींनी आधीच ठरवलं होतं. पाहणाऱ्याला नशीब वाटतं. बत्तीस वर्षांची, जवळपास दोन तास धावलेली बाई त्या जागी दोन पावलं आधी पोचते, याला मी नशीब म्हणायला तयार नाही. शूटआउटच्या पहिल्या चार नावांत सावा नव्हती. गोलरक्षक अयुमी काइहोरीनं दोन पेनल्टी अडवल्या, कार्ली लॉइडनं एक आकाशात मारली, आणि कुमागाईनं शेवट केला. ३-१. त्या क्षणी सेकंदाला ७,१९६ ट्वीट पडले, तेव्हाचा विक्रम. सर्व्हर सांभाळणाऱ्यांची मला इतक्या वर्षांनीही कीव येते.

पाच गोलांसह सावा स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारी ठरली आणि सर्वोत्तम खेळाडूही. सलग पाच वर्षं ब्राझीलच्या मार्टाकडे गेलेला फिफाचा सर्वोत्तम महिला खेळाडूचा पुरस्कार जानेवारी २०१२मध्ये तिनं किमोनो नेसून स्वीकारला.

एवढं झाल्यावर त्याच वर्षी ऑलिंपिकला जाताना काय व्हावं? एकाच विमानात तेवीस वर्षांखालचा पुरुष संघ बिझनेस क्लासमध्ये आणि जगज्जेता महिला संघ इकॉनॉमीत. खरं तर उलटं हवं, वयानंही आम्हीच मोठ्या आहोत, असं सावा बोलून गेली. वेम्बलीवर ८० हजार लोकांसमोर अमेरिकेकडून २-१ हरून रौप्यपदक मिळालं, तेव्हा परतीचा प्रवास बिझनेस क्लासनं झाला.

२०१५मध्ये छत्तिसाव्या वर्षी ती सहावा विश्वचषक खेळली. व्हँकुव्हरच्या अंतिम सामन्यात लॉइडनं सोळा मिनिटांत हॅटट्रिक केली होती. ३३व्या मिनिटाला सावा बदली खेळाडू म्हणून आत आली तेव्हा फलक ४-१ दाखवत होता. शेवट ५-२. या वेळी कुणी चमत्कार लिहिला नाही, आणि म्हणून मला तो सामनाही पाहावासा वाटतो. हरलेल्या सामन्यात ती त्याच जागेवर, तसेच पास हिसकावत होती.

वर्षाअखेर तिनं निवृत्ती जाहीर केली. राष्ट्रीय संघाकडून २०५ सामने, ८३ गोल. शेवटचा सामना क्लबसाठी, २७ डिसेंबर २०१५, एम्प्रेस कपची अंतिम फेरी, समोर अल्बिरेक्स निइगाता. ७८व्या मिनिटापर्यंत ०-०. मग कोबेला कॉर्नर मिळाला. सावानं उडी घेऊन डोक्यानं चेंडू आत घातला, आणि सामना १-० असाच संपला.