स्मारक रेल्वे-प्रतिकृतींची ओळख व मूल्यनिर्णय : पेण-रोहा मार्गाच्या संदर्भात

नाणी, ताम्रपट, दस्तऐवज यांची पारख कशी करावी याविषयी इतिहासाच्या विद्यार्थ्यास पुष्कळ सांगितले जाते. यंत्रयुगाने निर्माण केलेल्या स्मरणवस्तूंच्या बाबतीत मात्र तो बहुधा निःशस्त्र असतो. एखाद्या रेल्वेमार्गाच्या उद्घाटनाची किंवा शताब्दीची आठवण म्हणून तयार केलेला, अंगावर साल व घोषवाक्य मिरविणारा लहानसा डबा हा अशा वस्तूंचा उत्तम नमुना होय. तो बोलका असतो, आणि बोलका साक्षीदार हा नेहमीच अधिक तपासून घ्यावा लागतो.

डब्यावरील साल हे ज्या घटनेचे स्मरण करावयाचे त्या घटनेचे असते, वस्तूच्या निर्मितीचे नव्हे. हा भेद उघड वाटला तरी व्यवहारात तोच सर्वांत आधी विसरला जातो. अमेरिकेतील लायोनेल या खेळणीनिर्मात्यांनी त्या राष्ट्राच्या द्विशताब्दीनिमित्त मूळच्या तेरा वसाहतींच्या नावांचे तेरा मालडबे काढले. ते १९७४ ते १९७६ या काळातील आहेत. त्यांच्या संदर्भातील १७७६ हे साल केवळ स्मरणाचे. आपल्याकडे याहून सूक्ष्म घोटाळा आढळतो. दिनांक १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेलेल्या पहिल्या प्रवासी गाडीचे चित्र म्हणून ‘फेअरी क्वीन’ या एंजिनाचे रूप सर्रास वापरले जाते. वस्तुतः ते एंजिन १८५५ साली इंग्लंडातील लीड्स येथे ईस्ट इंडियन रेल्वेसाठी, म्हणजे बंगालकडील मार्गासाठी, बांधले गेले. ठाण्याची गाडी ओढली ती साहिब, सिंध आणि सुलतान या तीन एंजिनांनी. तेव्हा ‘१८५३’ असे लिहिलेल्या तळावर फेअरी क्वीन उभी असेल, तर ती प्रतिकृती १८५३ विषयी काही सांगत नाही. ती ज्यांनी घडविली त्यांच्या समजुतीविषयी मात्र बरेच सांगते.

पेण व रोहा या परिसराचा विचार येथे मुद्दाम करावयाचा तो दोन कारणांनी. एक तर या मार्गाची कालगणना इतकी अलीकडची व स्पष्ट आहे की कसोटी म्हणून ती उत्तम उपयोगी पडते. दुसरे कारण पेणच्या कारागिरीत आहे. त्याकडे पुढे वळू.

दिव्याहून पनवेलपर्यंतचा लोहमार्ग १९६४ साली झाला, १९६६ मध्ये तो आपट्यापर्यंत आला आणि तेथेच वीस वर्षे थांबला. आपटा-रोहा हा टप्पा १९८६ साली पुरा झाला, तेव्हा जिते, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे, निडी ही नावे स्थानकांच्या फलकांवर आली. त्यापूर्वी १९८१ च्या १ जानेवारीस कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड असे झाले होते. या दोन तारखा शेजारी ठेवताच एक सोपी परीक्षा हाती लागते : ‘रोहा स्थानक, जिल्हा कुलाबा’ असा मजकूर ज्या वस्तूवर असेल ती समकालीन असू शकत नाही, कारण रोह्यास गाडी आली तेव्हा कुलाबा जिल्हा उरलाच नव्हता. त्याचप्रमाणे जी. आय. पी. ही अक्षरे पेणच्या डब्यावर दिसली तर संशयास जागाच राहू नये. ती रेल्वे १९२५ साली सरकारच्या हाती गेली, आणि १९५१ च्या नोव्हेंबरात मध्य रेल्वेत विलीन झाली. रंगाचीही साक्ष काढता येते. १९८६ सालच्या साध्या प्रवासी डब्यास गर्द लाल रंग शोभतो. निळा रंग भारतीय डब्यांवर सर्वत्र पसरला तो १९९० नंतरच्या दशकात, निर्वात ब्रेकांची जागा हवेच्या दाबावरील ब्रेकांनी घेतली तेव्हा. डब्यावर हिरवा कंदील धरलेला ‘भोलू’ हत्ती असेल, तर ती वस्तू २००२ च्या अलीकडची ठरते; कारण तो हत्ती भारतीय रेल्वेच्या दीडशे वर्षांच्या सोहळ्यासाठीच जन्मास आला. १९९८ च्या कोकण रेल्वेचे स्मरण करणाऱ्या गाडीपुढे विजेचे एंजिन जोडलेले असेल, तर तेही नंतरचे जुळविलेले समजावे. कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पुरे झाले. आरंभीची वाहतूक डिझेलवर चाले.

मजकूर व रंग यांची नक्कल करणे सोपे असते. मोजमापाची तितकी नसते. म्हणून फूटपट्टी ही अभ्यासकाची खरी मैत्रीण. आपल्या रुंद मार्गाचे अंतर १६७६ मिलिमीटर, तर युरोप-अमेरिकेत रूढ असलेल्या मार्गाचे १४३५. जगभरच्या प्रतिकृती ज्या १६.५ मिलिमीटरच्या रुळांवर धावतात, ते रूळ सत्त्याऐंशीपट लहान अशा प्रमाणात १४३५ शी जुळतात. त्याच प्रमाणात भारतीय मार्ग काढावयाचा तर १९.३ मिलिमीटर भरावा लागेल. सामान्यतः भारतीय डब्याची प्रतिकृतीही १६.५ च्याच चाकांवर बसविलेली आढळते, आणि तसे असणे हा काही दोष नव्हे. पण मग डब्याच्या लांबीकडे पाहिले पाहिजे. १९५५ साली पेरांबूर येथे सुरू झालेल्या कारखान्याच्या पोलादी डब्याची लांबी सुमारे २१.३ मीटर. सत्त्याऐंशीच्या प्रमाणात ती २४५ मिलिमीटर होते, शहात्तरच्या प्रमाणात २८१. या दोहोंपैकी एकाही आकड्याजवळ न येणारा डबा बहुधा परदेशी साच्यातून निघालेला असून त्यास केवळ भारतीय वेष चढविलेला असतो. याच जिल्ह्यातील नेरळ-माथेरान मार्ग १९०७ साली सुरू झाला. त्याच्या रुळांतील अंतर अवघे दोन फूट. ती खरीखुरी प्रवासी रेल्वे असूनही लोक तिला खेळण्यातली गाडी म्हणतात. त्यामुळे तिच्या प्रतिकृतीचे वर्णन लिहिताना ‘लहान’ हे विशेषण मूळ गाडीस उद्देशून आहे की नमुन्यास, हे स्पष्ट करणे बरे.

येथे पेणच्या मूर्तिकारांचे स्मरण होते. एकाच साच्यातून शेकडो गणेशमूर्ती निघतात. तरीही जाणता गिऱ्हाईक दोन मूर्तींत भेद करतो, तो रंगकामावरून व विशेषतः डोळ्यांच्या आखणीवरून. स्मारक डब्यांचे नेमके हेच आहे. निर्माते नवा साचा क्वचितच पाडतात. नेहमीच्याच मालडब्यावर नवा रंग, नवे चिन्ह व नवे साल छापून स्मारक सिद्ध होते. म्हणून साच्याची ओळख पटली म्हणजे वस्तूची ओळख पटली असे होत नाही. छपाईची धार, अक्षरांखाली जुन्या अक्षरांची खूण, चाकांची व आकड्यांची जात, तळावरील निर्मात्याची मुद्रा आणि मूळ पेटी यांचा एकत्र विचार करावा लागतो. नव्याने रंगविलेली मूर्ती पूजेस चालते. नव्याने रंगविलेला डबा संग्रहास चालत नाही. मूळ रंग खरवडलेला असला तरी तो तसाच राहू द्यावा, या संग्राहकांच्या आग्रहाशी इतिहासाभ्यासकाने निःसंकोच सहमत व्हावे.

मूल्याच्या प्रश्नात बाजारभाव व ऐतिहासिक मोल यांची गल्लत फार होते. जी वस्तू संग्रहासाठी म्हणूनच विकली गेली, ती लोकांनी पेटीतून बाहेरही काढली नाही. साहजिकच ती विपुल प्रमाणात व सुस्थितीत टिकली. लायोनेलचे ते तेरा डबे या प्रकारात मोडतात. उलट मुलांनी खेळून झिजविलेले साधे डबे आज दुर्मीळ झाले आहेत. पुण्यात भाऊ जोशी यांनी १९९८ साली उघडलेल्या लघुरेल्वेच्या संग्रहालयात प्रेक्षक जमतात ते गाड्या चालताना पाहण्यासाठी. कोणत्या डब्यावर कोणते साल छापले आहे हे तेथे कोणी विचारीत नाही.

ऐतिहासिक मोल ठरविताना आणखी एक प्रश्न विचारावा : स्मरणासाठी कोणती घटना निवडली गेली, आणि कोणती वगळली? कोकण रेल्वेचे स्मरण १९९८ च्या २६ जानेवारीशी बांधले गेले आहे, आणि तिच्या वर्णनात रोहा हे ‘आरंभस्थान’ असते. पण पेण-रोह्याच्या रहिवाशांच्या दृष्टीने रोहा हे १९८६ पासून कित्येक वर्षे रेल्वेचे शेवटचे स्थानक होते. शिवाय रोहा स्थानक स्वतः मध्य रेल्वेचे. कोकण रेल्वेचे पहिले स्थानक त्यापुढील कोलाड. ‘कोकण रेल्वे, रोहा’ असे लिहिलेला डबा ही सीमा पुसून टाकतो, आणि आपट्याजवळ वीस वर्षे थांबलेल्या रुळांची कथाही त्याबरोबर नाहीशी होते. उद्घाटनाचा सोहळा मोठा असला की त्याच्या स्मरणवस्तू पुष्कळ निघतात, हे खरे. परंतु वस्तूंच्या संख्येवरून घटनेचे महत्त्व मोजण्याचा मोह आवरला पाहिजे.

या परिसराची खरी वैशिष्ट्यपूर्ण प्रतिकृती कोणती असे विचारल्यास कोलाडच्या सपाट वाघिणीकडे बोट दाखवावे लागेल. भरलेले मालट्रक जसेच्या तसे वाघिणींवर चढवून गोव्यातील वेर्ण्यापर्यंत नेण्याची सेवा कोलाडहून १९९९ च्या जानेवारीत सुरू झाली. घाटवळणांच्या महामार्गाऐवजी ट्रकने रुळांवरून जावे ही कल्पना कोकणच्या भूगोलातूनच निघालेली आहे. अशा वाघिणीची प्रतिकृती पारखताना ट्रक मूळचा आहे काय, तो वाघिणीच्याच प्रमाणात आहे काय, आणि त्यास जखडणाऱ्या साखळ्या शाबूत आहेत काय, हे पाहावे. ट्रक हरवला की उरते ती कोठल्याही रेल्वेची कोणतीही सपाट वाघीण. तिच्यावर कोलाडचे नाव छापलेले असले तरी.