हॉटेलातल्या मानपानाची कुळकथा

वर्षातल्या पन्नास-साठ रात्री हॉटेलात काढणाऱ्या माणसांची एक ठरलेली कुरकुर असते. आम्ही बॅगा ओढत गावोगाव हिंडतो, तेव्हा कुठे प्लॅटिनम किंवा डायमंड म्हणून लाउंजचं दार उघडतं. आणि एखादा माणूस वर्षाची फी भरून क्रेडिट कार्ड घेतो आणि त्याच लाउंजमध्ये आमच्या शेजारी येऊन बसतो. आमची कष्टाची कमाई आणि त्याचा मागच्या दाराने प्रवेश, असा या तक्रारीचा सूर असतो. वरवर पाहता ती रास्त वाटते. पण या स्टेटस नावाच्या प्रकाराचं कूळ शोधत मागे गेलं की वेगळंच दिसू लागतं. हा मान मुक्कामाचा म्हणून कधी दिलाच जात नव्हता. दुसऱ्या कुणाचा तरी पैसा आपल्या गल्ल्याकडे वळवणाऱ्याला हॉटेल-साखळीने दिलेली ती दलाली होती. कार्डाने दलाली सुरू केली नाही, फक्त दलाल बदलला.

मूळ हॉटेलात नाही, विमानात आहे. अमेरिकेने १९७८ साली विमान कंपन्यांच्या भाड्यांवरचं सरकारी नियंत्रण काढायचा कायदा केला. भाडी उतरू लागली आणि गिऱ्हाईक स्वस्त तिकिटामागे इकडून तिकडे पळू लागलं. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने ‘अॅडव्हान्टेज’ ही योजना आणली: जितके मैल उडाल तितके खात्यावर जमा, पुरेसे साठले की तिकीट फुकट. ‘सेबर’ ही संगणकी आरक्षण यंत्रणा हाताशी असल्यामुळे कोण किती उडतं याचा हिशेब ठेवणं कंपनीला शक्य झालं. हॉटेलांनी हा धडा लगेच गिरवला. हॉलिडे इनकडे ‘होलिडेक्स’ ही आरक्षण यंत्रणा १९६५ पासून होती; १९८३ मध्ये त्यांनी ‘प्रायॉरिटी क्लब’ काढला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मॅरियटची योजना आली. १९८७ मध्ये हिल्टन आणि हयात मागोमाग आले.

या योजना कुणासाठी होत्या? सुट्टीत मुलाबाळांना घेऊन जाणारं कुटुंब वर्षातून चार रात्री राहतं; त्याला वही-खातं ठेवून बांधण्यात फारसा अर्थ नाही. डोळा होता तो विक्री प्रतिनिधी, सल्लागार, लेखापरीक्षक यांच्यावर. कोणत्या हॉटेलात उतरायचं हे पुष्कळदा ते ठरवत, आणि बिल मात्र त्यांची कंपनी भरत असे. सगळी गोम या फटीत आहे. स्वतःच्या खिशातून देणारा माणूस वीस डॉलर वाचत असतील तर रस्ता ओलांडून समोरच्या हॉटेलात जातो. कंपनीच्या पैशाने राहणारा जात नाही. त्याला पॉइंट्स, वरची खोली आणि सकाळचा नाश्ता दिला की वीस डॉलर महाग हॉटेलही चालतं. मराठीत याला नेमकी म्हण आहे: आयजीच्या जिवावर बायजी उदार. मालकाच्या पैशातून नोकराला मिळणाऱ्या या लाभावर कर लावायचा का, हा प्रश्न अमेरिकेच्या कर खात्यालाही पडला होता. २००२ साली त्यांनी जाहीर केलं की कामाच्या प्रवासातून मिळालेल्या मैलांमागे आपण लागणार नाही. म्हणजे ज्याला आज ‘घामाचं’ स्टेटस म्हटलं जातं, त्यात घाम नोकराचा असला तरी दाम मालकाचा होता.

आता कार्डाकडे येऊ. विमान कंपन्यांच्या नावाची कार्डं १९८६-८७ मध्येच निघाली होती. कॉन्टिनेन्टलचं आधी, मग अमेरिकन एअरलाइन्स आणि सिटीबँकेचं. हॉटेलांत स्टारवुड या साखळीने १९९९ मध्ये आपली योजना काढली आणि फुकट रात्रीसाठी वर्षातले कुठलेही दिवस वर्ज्य नाहीत असं सांगून नाव कमावलं. २००१ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेसबरोबरचं त्यांचं कार्ड आलं. पैसा फिरतो तो असा: अमेरिकेतल्या एखाद्या किराणा दुकानात शंभर डॉलरची खरेदी कार्डाने झाली की दुकानदाराच्या हाती सुमारे अठ्ठ्याण्णवच पडतात. कापलेल्या रकमेतला मोठा हिस्सा कार्ड देणाऱ्या बँकेचा. त्यातून बँक हॉटेल-साखळीकडून घाऊक भावाने पॉइंट्स विकत घेते आणि गिऱ्हाइकाच्या खात्यावर टाकते. इथे आयजी झाला तो दुकानदार, आणि दुकानदाराने किमती वाढवल्या तर रोख देणारं गिऱ्हाईकही. २०१८ च्या जानेवारीत हिल्टनचं ‘अस्पायर’ कार्ड आलं, तेव्हा ४५० डॉलर वार्षिक फीमध्ये डायमंड दर्जा मिळू लागला. एरवी त्यासाठी वर्षात ६० रात्री किंवा ३० मुक्काम लागत.

हा औदार्याचा पूर अमेरिकेतच का आला, याचं उत्तरही या कपातीच्या दरात आहे. युरोपीय संघाने डिसेंबर २०१५ पासून क्रेडिट कार्डाच्या व्यवहारावर बँकेला मिळणाऱ्या हिश्शाला ०.३ टक्क्यांची मर्यादा घातली. एवढ्या पातळ सायीतून डायमंड निघत नाही.

साखळ्यांच्या लेखी रात्र आणि कार्ड यांत वजनदार काय, याचा निवाडा २०२० मध्ये झाला. महामारीने हॉटेलं ओस पडली, मुक्काम कोसळले. त्या एप्रिलमध्ये हिल्टनने अमेरिकन एक्स्प्रेसला एक अब्ज डॉलरचे पॉइंट्स आगाऊ विकले. पुढच्याच महिन्यात मॅरियटने जेपी मॉर्गन चेस आणि अमेरिकन एक्स्प्रेस यांच्याकडून मिळून ९२ कोटी डॉलर उभे केले. खोल्यांना कुलपं होती, पण पॉइंट्सचा धंदा चालू होता आणि त्यानेच साखळ्यांना हातात रोकड दिली. ज्यांना मागच्या दाराने आलेले म्हटलं जातं, त्यांच्या कार्डांच्या जोरावर पुढचं दार उघडं राहिलं.

यावर नियमित मुक्कामी म्हणेल: इतिहास असू दे, आज माझं नुकसान होतंय त्याचं काय? लाउंजमध्ये बसायला जागा नाही, वरची खोली मागितली की ‘आज हाउस फुल्ल आहे’ असं ऐकू येतं. हे खरं आहे. हिल्टनने २०२१ मध्ये अमेरिकेतल्या आपल्या बहुतेक ब्रँडांत गोल्ड-डायमंडवाल्यांचा फुकट नाश्ता काढून त्याऐवजी खाण्यापिण्यासाठी रोजचे ठरावीक डॉलर देणं सुरू केलं. पंगतीत पानं वाढली की वाढपी हात आखडतो. पण दोष पानावर बसलेल्याचा नाही, बेसुमार आमंत्रणं वाटणाऱ्या यजमानाचा आहे. आणि ‘रात्री’ विकत घेता येत नाहीत असं थोडंच आहे? वर्षअखेरीस दोन-चार रात्री कमी पडल्या की स्वस्तातलं हॉटेल गाठून चेक-इन करायचं आणि न झोपताच घरी परतायचं, याला तिकडे ‘मॅट्रेस रन’ असं रूढ नाव आहे. न वापरलेली गादी आणि न केलेला प्रवास यांतून आलेला दर्जा कार्डापेक्षा पवित्र कसा, हे मला तरी कळत नाही.

त्या तक्रारीतला एक भाग मात्र मला पटतो, आणि तो पाहुण्यांपेक्षा हॉटेलमालकाचा आहे. मॅरियट, हिल्टन यांच्या नावाच्या बहुतेक इमारती त्यांच्या मालकीच्या नसतात. मालक वेगळा, पाटी त्यांची. बँकेकडून येणारी कार्डाची रक्कम पाटीवाल्याच्या व्यवस्थेत जाते, नाश्त्याचं ताट मात्र बहुतांशी मालकाच्या स्वयंपाकघरातून निघतं. पन्नास रात्री राहणारा माणूस त्याच हॉटेलात पुन्हा पुन्हा येण्याचा संभव असतो, त्याच्या भाड्यातून ताटाचा खर्च निघतो. कार्डवाला वर्षातून एकदा उतरतो आणि तितकंच ताट मागतो. साखळ्यांना हे कळतं, म्हणून त्या जुन्या दर्जांच्या डोक्यावर नवे दर्जे चढवत असतात. मॅरियटच्या सर्वांत वरच्या पायरीला १०० रात्रींबरोबर २३,००० डॉलरचा खर्च लागतो. हिल्टनने २०२६ पासून डायमंडच्याही वर ‘डायमंड रिझर्व्ह’ आणला, त्याला ८० रात्री आणि वर १८,००० डॉलर. रात्रींच्या जोडीला खर्चाची अट आली, म्हणजे मुक्काम मोजण्याचं नाटक आता साखळ्यांनीच जवळजवळ संपवलं आहे. पैसे मोजायचे ते उघडपणे मोजले जातात.

आपल्याकडे या कथेची दोन टोकं एकाच इमारतीत भेटतात. अमेरिकेत राहणारा मराठी अभियंता तिथल्या कार्डाने मिळालेलं डायमंड घेऊन सुट्टीत पुण्याला येतो, हिल्टनच्याच कॉनरॅडमध्ये उतरतो, आणि अमेरिकेत बंद झालेला पूर्ण नाश्ता त्याला इथे मिळतो. त्याच टेबलाच्या पलीकडे कंपनीच्या कामासाठी महिन्यातून दहा दिवस बाहेर राहणारा कुणी बसलेला असतो. एकाच्या इडलीमागे न्यू जर्सीतला दुकानदार आहे, दुसऱ्याच्या इडलीमागे हिंजवडीतली किंवा हैदराबादेतली कंपनी. निव्वळ स्वतःच्या पैशाने दोघांपैकी कुणीच तो मान मिळवलेला नाही.

भारतात निघालेलं कार्ड मात्र एवढं सढळ नाही. एचडीएफसी बँक आणि मॅरियटचं कार्ड ऑगस्ट २०२३ मध्ये आलं, फी ३,००० रुपये अधिक कर. त्यावर सिल्व्हर दर्जा आणि दहा रात्रींची जमा मिळते. लाउंज आणि नाश्ता देणारा प्लॅटिनम दर्जा ५० रात्रींचा आहे, म्हणजे उरलेल्या चाळीस काढाव्याच लागतात. त्या काढण्याचा खर्च कंपनी करत असेल तर जरूर काढा. स्वतःच्या खिशातून करायचा असेल, तर मिळेल तिथे स्वस्त आणि स्वच्छ खोली घ्या, नाश्ता बाहेर करा आणि धातूंची नावं ज्यांच्या बिलाला दुसरा धनी आहे त्यांच्यासाठी सोडून द्या.