दुखऱ्या तळहातातून आलेली रॅकेट

१/ टेनिसपटूंच्या बोटांवर गुंडाळलेल्या पांढऱ्या पट्ट्या आपल्या परिचयाच्या आहेत. ती आधुनिक क्रीडावैद्यकाची देणगी असावी, असे सहज वाटते. वास्तविक हात वाचवण्याची ही धडपड रॅकेटपेक्षाही जुनी आहे. किंबहुना रॅकेट हे त्याच धडपडीचे अपत्य आहे, असे सांगणारा एक साक्षीदार इतिहासात सापडतो. त्याची ही कथा. (धागा)

२/ टेनिसचा पूर्वज म्हणजे मध्ययुगीन फ्रान्समधील 'झ्यू द पोम'. या नावाचा अर्थच 'तळहाताचा खेळ'. मठांच्या ओवऱ्यांत, राजवाड्यांच्या आवारांत, नगरांच्या गल्ल्यांत चेंडू उघड्या हाताने टोलवला जाई. राजा दहावा लुई १३१६ मध्ये व्हँसेन येथे हा खेळ खेळून दमला, वर थंड पेय प्यायला आणि आजारी पडून निवर्तला, असे सांगितले जाते.

३/ तो चेंडू आजच्यासारखा पोकळ रबराचा नव्हता. चामड्याच्या आवरणात भरण ठासून तो शिवला जाई. अकराव्या लुईने १४८० मध्ये फर्मान काढले, की चेंडूत वाळू, खडू, माती वा लाकडाचा भुसा भरू नये. चांगले चामडे आणि लोकर वापरावी. बंदी घालावी लागते ती प्रत्यक्ष घडणाऱ्या गोष्टींवर. वाळूने भरलेला चेंडू उघड्या तळहातावर आदळला, की काय होत असेल याची कल्पना करावी.

४/ १४२७ मध्ये एनो प्रांतातून मार्गो नावाची एक तरुणी पॅरिसला आली. तेथील एका अनामिक रोजनिशीकाराने तिची नोंद केली आहे. हाताच्या पुढच्या आणि मागच्या, अशा दोन्ही बाजूंनी ती इतक्या ताकदीने आणि चातुर्याने खेळे, की फार थोडे पुरुष तिला हरवू शकत. तळहाताला निदान मांसल गादी तरी असते. हाताच्या पाठीवर पातळ कातडीखाली थेट हाडेच लागतात.

५/ सोळाव्या शतकातील फ्रेंच कायदेपंडित आणि इतिहासकार एतिएन पास्किये याने हीच नोंद पुरावा म्हणून वापरली. मार्गोच्या काळी रॅकेट नव्हती, असा निष्कर्ष त्याने काढला. जोडीला त्याने एका वृद्ध खेळाडूची आठवण नोंदवली. त्या वृद्धाने सांगितलेला क्रम असा : प्रथम उघडा हात, मग दुहेरी हातमोजे, मग हातावर ताणून बांधलेल्या दोऱ्या आणि स्नायुतंतू, आणि अखेरीस रॅकेट.

६/ या क्रमातील तिसरी पायरी कळीची आहे. हातमोजा केवळ आघात सोसतो. ताणलेली दोरी मात्र आघात सोसून चेंडूला उसळीही देते. संरक्षणासाठी बांधलेली वस्तू अशा रीतीने प्रहाराचे साधन झाली. त्या दोऱ्या हातावरून काढून लाकडी चौकटीत ताणल्या, तिला दांडा जोडला, की रॅकेट तयार!

७/ एका वृद्धाच्या स्मृतीवर किती भिस्त ठेवावी, हा प्रश्न रास्तच. परंतु हात आणि रॅकेट काही काळ शेजारी नांदले, याला स्वतंत्र पुरावा आहे. १५०६ मध्ये विंडसर येथे कॅस्टीलचा राजा फिलिप आणि डॉर्सेटचा मार्क्विस यांचा सामना झाला. राजाच्या हाती रॅकेट होती, मार्क्विस हाताने खेळत होता. म्हणून राजाने त्याला १५ गुणांची सवलत दिली. रॅकेटवाल्याचे पारडे जड असते, हे तेव्हाच सर्वमान्य होते.

८/ सर्वांनीच रॅकेट स्वीकारली नाही. स्पेन व फ्रान्सच्या सीमेवरील बास्क प्रदेशात हाताने खेळायचा 'पेलोटा' आजही जिवंत आहे. टेनिसचा चेंडू सुमारे ५८ ग्रॅमचा. तेथील व्यावसायिकांचा चेंडू १०० ग्रॅमहून जड असतो. सामन्यापूर्वी खेळाडू बोटांवर आणि तळहातावर 'ताको' नावाच्या मऊ गाद्या चिकटपट्टीने काळजीपूर्वक बसवतात. तरीही हात सुजतात आणि खेळाडूंना सक्तीची विश्रांती घ्यावी लागते.

९/ मग रॅकेटने हात वाचले का? चेंडूच्या आघातापासून वाचले. मुठीच्या घर्षणापासून नाही. विंगफील्डने १८७४ मध्ये लॉन टेनिसचे पेटंट घेतले, १८७७ मध्ये विम्बल्डन सुरू झाले. तेव्हाच्या रॅकेटची मूठ उघड्या लाकडाची असे. पकड निसटू नये म्हणून तिच्यावर खाचा पाडत. घामेजलेली कातडी मुठीला धरून राहते, आतील ऊती सरकतात, कातडीचे थर सुटतात आणि पोकळीत पाणी भरते. हाच फोड.

१०/ कापडी पट्टीला गाठ मारावी लागे, आणि मुठीवर गाठ रुतते. चिकटपट्टीने ही अडचण दूर केली. हॅम्बुर्गच्या बायर्सडॉर्फ कंपनीची एक आरंभीची पट्टी कातडीला झोंबे. म्हणून ऑस्कर ट्रोप्लोविट्झ याने ती १८९६ मध्ये सायकलचे टायर सांधण्यासाठी विकली! पुढे झिंक ऑक्साइड मिसळलेली, कातडीला सोसणारी 'ल्यूकोप्लास्ट' १९०१ मध्ये आली. पट्टी घर्षण स्वतःवर घेते आणि कातडी वाचते.

११/ तथापि प्रत्येक आच्छादनाची किंमत असते. २०१४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये राफाएल नदालच्या डाव्या तळहाताला मोठा फोड आला. पट्टी बांधून त्याने उपांत्य फेरीत फेडररला हरवले. पण सर्व्हिस करताना रॅकेट हातातून निसटेल की काय, अशी धास्ती त्याला वाटत होती. पट्टी पातळ असेल तर कातडी सोलते, जाड असेल तर मुठीचा स्पर्श हरवतो. हातमोजा चढवणाऱ्या पहिल्या फ्रेंच खेळाडूपुढेही हाच पेच असणार. रॅकेटने तो सोडवला नाही. तळहातावरून बोटांच्या पेरांवर सरकवला, एवढेच.