रजोनिवृत्तीकालीन ब्रेन फॉग

रजोनिवृत्तीकालीन ब्रेन फॉग म्हणजे मासिक पाळी कायमची बंद होण्याच्या सुमारास स्त्रियांना जाणवणारा विसराळूपणा, एकाग्रतेचा अभाव व विचारांतील मंदपणा होय. मेंदूवर धुके दाटल्यासारखे वाटते, म्हणून हे नाव रूढ झाले. हा स्वतंत्र रोग नसून लक्षणांचा समूह आहे. सलग १२ महिने पाळी न आल्यास रजोनिवृत्ती झाली असे मानतात. भारतात ती सरासरी ४६-४७ व्या वर्षी येते. त्याआधीच्या संक्रमणकाळात हा त्रास विशेष जाणवतो.

लक्षणे
ओळखीचे नाव किंवा नेमका शब्द ऐन वेळी न आठवणे, वस्तू कोठे ठेवली ते विसरणे, बोलताना धागा सुटणे, एकाच वेळी अनेक कामे सांभाळणे अवघड होणे.

कारणे
या काळात अंडाशयातून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेनचे प्रमाण चढउतार होत घटते. मेंदूतील हिप्पोकॅम्पस व ललाटखंड हे स्मृती आणि एकाग्रतेशी निगडित भाग या संप्रेरकाला प्रतिसाद देतात. अंगात येणाऱ्या उष्णतेच्या लाटा, रात्रीचा घाम, अपुरी झोप, चिंता व नैराश्य यांमुळे त्रास वाढतो.

स्वरूप
एकच चाचणी वारंवार दिल्यास सरावाने गुण वाढतात. अमेरिकेतील ‘स्वान’ या दीर्घकालीन अभ्यासाच्या २००९ मधील निष्कर्षांनुसार संक्रमणकाळात ही वाढ खुंटली, मात्र रजोनिवृत्तीनंतर ती पुन्हा दिसली. म्हणजेच हा बदल बहुधा तात्पुरता असतो.

स्मृतिभ्रंशाशी फरक
अनेक स्त्रियांना हा स्मृतिभ्रंशाचा आरंभ वाटतो. परंतु या वयात तो विरळा आढळतो. ब्रेन फॉगमध्ये विसरलेला शब्द बहुधा काही वेळाने आठवतो. परिचित रस्ता चुकणे, नेहमीचे व्यवहार न जमणे किंवा विसरणे सतत वाढत जाणे, अशा वेळी वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते. थायरॉइडचे विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, रक्तक्षय व नैराश्य यांतही अशीच लक्षणे दिसतात आणि त्यांवर उपचार होऊ शकतात. म्हणून सर्व दोष ‘वयावर’ टाकणे योग्य नव्हे.

व्यवस्थापन
पुरेशी झोप, नियमित व्यायाम, रक्तदाब व मधुमेहावर नियंत्रण, तंबाखू वर्ज्य करणे आणि सामाजिक सहभाग यांचा लाभ होतो. कामांची नोंद ठेवणे, वस्तूंची जागा ठरवणे व एका वेळी एकच काम करणे हे सोपे उपाय आहेत. संप्रेरक उपचारांमुळे उष्णतेच्या लाटा कमी होतात. मात्र केवळ स्मरणशक्तीसाठी ते सुचवले जात नाहीत. २००३ मधील एका अमेरिकी चाचणीत ६५ वर्षांवरील स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन यांच्या एकत्रित उपचाराने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढल्याचे आढळले होते. त्यामुळे हे उपचार वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावे लागतात.